दार लावण्याचा अधिकार

श्री. अमीनभाई कागदी यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी काही लिहावे, असा निरोप आमच्या सहकारी शीतगृहाच्या संचालक मंडळाकडून आला. निरोप आणणाऱ्या गृहस्थांनी निघताना उंबऱ्यातून मागे वळून एक सूचनाही केली. लेख आठवणींचा असावा, अलीकडच्या गोष्टींचा उल्लेख शक्यतो टाळावा. मी त्यांना चहा दिला आणि सूचना परत दिली. अमीनभाईंविषयी लिहायचे आणि गेल्या फाल्गुनात त्यांच्या शिकवणुकीचे आपण काय केले याविषयी मौन धरायचे, हे मला सत्याला धरून वाटत नाही. तेव्हा वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. हा गौरवलेख आहे आणि तो रागावलेल्या माणसाने लिहिलेला आहे.

आमची पहिली ओळख पूजेच्या चौरंगापाशी झाली. मंचरजवळच्या या शीतगृहात आंबेगाव-जुन्नरचे शेतकरी बटाट्याचे बियाणे फाल्गुन-चैत्रात ठेवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर लागवडीसाठी बाहेर काढतात. बोलण्यात सगळे शीतगृहाला नुसते ‘कोल्ड’ म्हणतात. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि अवसरी बुद्रुकच्या देवळात चातुर्मासात निरूपण करीत असे. त्या नात्याने माल भरण्याआधीची आणि लागवडीला दार उघडतानाची पूजा माझ्याकडे असे. पूजा होई ती शीतगृहाच्या उघड्या दारात, थेट उंबऱ्यावर. त्या वर्षी अमीनभाई नवे व्यवस्थापक म्हणून आले होते. घराणे जुन्नरचे, हातकागद करणाऱ्यांचे. यंत्राचे शिक्षण पुण्यात घेतलेले. ते चपला काढून बाजूला उभे राहिले. माझे मंत्र थांबेपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, “गुरुजी, पूजा दाराच्या बाहेर मांडली तर देवाला चालंल का? दार एवढा वेळ उघडं राहिलं की आतली थंडी जाते, आन् मशीन दिवसभर धापा टाकतं.”

मागून कोणीतरी पुटपुटले की आता पूजा कुठे मांडायची तेही हेच सांगणार. ते अमीनभाईंच्या कानावर गेले. ते हसून म्हणाले, “देवाचं न्हाई सांगत राव, दाराचं सांगतो. दाराचा पगार घेतो मी.”

मी चौरंग उचलून बाहेर घेतला. कोणत्याही शास्त्राला त्याने बाध येत नव्हता. उलट, देवापुढे बसताना मागे काय बिघडते आहे याकडे पाहणारा माणूस मला त्या दिवशी प्रथम भेटला. त्यानंतर ती पूजा आजवर दाराबाहेरच होत आली आहे.

अमीनभाईंच्या कार्यपद्धतीला आजकाल मोठी नावे दिली जातात. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांना ‘संकट-व्यवस्थापनाचे शिल्पकार’ म्हटले आहे, असे कळते. ते स्वतः असे शब्द वापरीत नाहीत. संस्थेवर संकट आले की ते गुन्हेगार शोधायला निघत नाहीत, ती संस्था कशी चालते आहे ते शोधायला निघतात. एका माणसाचे काम दुसऱ्याच्या कामाला कसे ढकलते, आज केलेल्या सोयीचे फळ किती उशिरा आणि कोणाच्या पदरात पडते, आणि पहिल्याचे कृत्य फिरून पहिल्याकडेच कसे परतते, हे ते पाहतात. त्यांच्या तोंडी याला शब्द आहे ‘गोल’. “आधी गोल पाहू,” असे ते म्हणत.

मला यात नवे काही वाटले नाही, आणि माझ्या रागाचे मूळ तिथेच आहे. आपल्या शास्त्राने प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. जिथे कर्म घडते ते अधिष्ठान, ते करणारा कर्ता, त्याची साधने, त्याच्या नाना हालचाली आणि पाचवे दैव. पाचांपैकी कर्ता हा केवळ एक. हे आम्ही देवळात वर्षानुवर्षे ऐकतो, माना डोलावतो, प्रसाद घेतो आणि पायऱ्या उतरलो की उरलेली चार कारणे विसरून एका कर्त्याच्या गळ्याला हात घालतो. तोही सर्वांत गरीब कर्ता पाहून. शास्त्रकारांनी यज्ञात पशूच्या जागी पिठाचा पशू चालेल इतकी करुणा दाखवली. आमच्या मंडळांना मात्र अजून जिवंत माणूसच लागतो.

ज्या वर्षी बियाणे कुजले त्या वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय अमीनभाई समजणार नाहीत. त्यासाठी आमच्याकडची एक रीत आधी सांगावी लागेल. पूजा झाली की गावोगावच्या मानकरी घरांच्या एकेका गोणीला हळदकुंकू लागते. या मानाच्या गोण्या थप्पीत आत जात नाहीत. सगळा माल भरून झाला की त्या दारापाशी, आत ये-जा करण्याच्या वाटेवरच ठेवल्या जातात, म्हणजे लागवडीच्या गर्दीत त्या सर्वांआधी बाहेर पडतात. पूर्वी मानकरी थोडे होते. पुढे प्रत्येक निवडणुकीनंतर ते वाढत गेले. शेवटी वाट उरली नाही, मानच उरला. अमीनभाईंनी आल्या वर्षीच यावर शंका काढली होती. मानाला हात लावू नका, एवढेच उत्तर त्यांना मिळाले होते.

त्या वर्षी लागवडीच्या वेळी दार उघडले आणि आधी वास बाहेर आला. पुढच्या गोण्या टणक आणि थंडगार. मागच्या थप्प्या घामेजलेल्या, बटाटा आतून काळा, बोट लावले की पाणी सुटणारा. बातमी पार आळे गावापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. माल चढवण्या-उतरवण्याचा फलाट माणसांनी भरला. मशीन चालवणारे बबनराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्याभोवती जागा रिकामी होत चालली होती, जशी आजारी माणसाभोवती होते. तेव्हाच्या अध्यक्षांनी खुर्चीवर उभे राहून जाहीर केले की बबनरावांना या क्षणापासून काढले आहे आणि उद्या पोलिसांत तक्रार होईल. जमाव शांत झाला. ती शांतता मला त्या वासापेक्षा अधिक घाण वाटली.

अमीनभाई अध्यक्षांना म्हणाले की तक्रार उद्या करायची आहे ना, मग आज बटाटा वाचवू. त्यांनी सगळ्या गोण्या शेडच्या सावलीत ओतायला लावल्या आणि आरडाओरडा करणाऱ्यांनाच निवडायला बसवले. कुजलेला वेगळा, डागी वेगळा, चांगला वेगळा. संध्याकाळपर्यंत शेतकरी, हमाल, संचालक सगळे मांडी घालून निवडत होते. हात कामाला लागले तसे आवाज खाली आले, आणि बरेचसे बियाणेही वाचले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांना पुन्हा फलाटावर बोलावले आणि खडूने फरशीवर एक मोठा गोल काढला. गोलाच्या कडेवर पहिले नाव त्यांनी स्वतःचे लिहिले आणि म्हणाले, “वाट बंद होतीय हे मला दिसलं होतं. मी एकदाच बोललो आन् गप बसलो. म्हणून मी हितं.”

आळ्याचे एक वयस्क शेतकरी पुढे आले. त्यांचे मागचे बियाणे जवळजवळ सगळे गेले होते. ते म्हणाले, “भाऊ, गोल काय काढताय? आमचं बियाणं गेलं. मानूस दावा, बास.”

“दावतो की,” अमीनभाई खडू न थांबवता म्हणाले. “पर एक न्हाई, लई हायेत. तुमीपण हाय त्यात.”

मग ते एकेकाला विचारत गेले. प्रश्न सर्वांना एकच. तुमच्या हातात काम येण्याआधी काय झाले होते आणि तुमच्या हातून ते कुठे गेले. बबनरावांनी सांगितले की मागच्या थप्पीपर्यंत जायला वाट नव्हती, तापमानाचा काटा दारापाशी आणि दारापाशी सगळे गार. काटा दारापाशी का, तर मागच्या एका अध्यक्षांचे आत गेल्यावर कान दुखत म्हणून त्यांनी तो बाहेरून दिसेल असा लावून घेतला होता. यावर लोक हसले. वाट का बंद, हे हमालांनी सांगितले. कारकुनाने गोण्या तिथे लावायला सांगितल्या होत्या. कारकुनाला अध्यक्षांचा फोन होता. अध्यक्षांनी सांगितले की मानकऱ्यांची गोणी मागे गेली तर मानकरी दुखावतात. मानकरी का दुखावतात, तर लागवडीच्या आठवड्यात सगळे ट्रॅक्टर एकदम येतात आणि मागच्या गोणीला दिवस दिवस थांबावे लागते. सगळे एकदम का येतात, तर संस्था एकच दार उघडते, आणि ते ठरवणारा व्यवस्थापक. खडू फिरत फिरत पुन्हा व्यवस्थापकाच्या नावापाशी आला आणि गोल पुरा झाला.

आळ्याचे ते शेतकरी गोलाच्या कडेपर्यंत आले. वाटेतल्या मानाच्या गोण्यांत एक त्यांच्या घरची होती. ती शाबूत होती. तिच्यासारख्याच गोण्यांनी हवा अडवली होती आणि त्यांचे मागचे बियाणे नासवले होते. ते अध्यक्षांकडे वळून म्हणाले, “मंग मलाबी काढा कामावरनं. बबन्याचा आन् माझा हिशोब सारखाच की.” त्या दिवसातले पहिले मोकळे हसू तेव्हा ऐकू आले. बबनरावांना काढण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ते पुढे मानाने निवृत्त झाले.

त्या गोलातून अमीनभाईंनी संस्थेला जे दिले ते फार साधे होते. मानाच्या गोण्यांचे हळदकुंकू राहिले, त्यांची जागा बदलली. काटा मागच्या भिंतीवर गेला. लागवडीच्या दिवसांत गावांना वार नेमून दिले. आणि सर्वांत महत्त्वाचा, चालू काम जागच्या जागी थांबवण्याचा, एक नियम त्यांनी मंडळाकडून मंजूर करून घेतला. तो त्यांच्याच शब्दांत देतो. “ज्याला शंका येईल त्यानं दार लावायचं. कारण मागून विचारायचं. आन् शंका खोटी निघाली, तरी दार लावणाऱ्याला चहा पाजायचा.” यावर एका संचालकांनी विचारले होते की अशाने लोक चहासाठी रोज दार लावतील. अमीनभाई म्हणाले, “लावू द्या. चहा स्वस्त आहे.” ते व्यवस्थापक असेपर्यंत हमालांनी, ऑपरेटरनी, एकदा तर झाडणाऱ्या मावशींनीही दार लावले. पुष्कळदा शंका खोटी निघाली. चहा प्रत्येक वेळी मिळाला. बियाणे पुन्हा कुजले नाही.

त्यांचा हा स्वभाव कचेरीपुरता नव्हता. मधल्या काळात माझी पत्नी घरात वारंवार पडू लागली. मुले तिला जपून चाल म्हणून रागावत, मीही दोनदा बोललो. अमीनभाई समाचाराला आले. ओट्यावर बसून ते दुपारभर तिचे येणेजाणे नुसते पाहत राहिले. मग उठून त्यांनी पाण्याचा हंडा उंबऱ्याजवळून हलवला, अंधाऱ्या बोळात दिव्याचे बटण तिच्या हाताच्या उंचीवर घ्यायला सांगितले आणि म्हणाले, “गुरुजी, वहिनी पडत न्हाईत. घर पाडतंय त्यांना.” त्यानंतर ती पडली नाही. त्या घरात मी जन्म काढला होता आणि ते मला दिसले नव्हते.

आता या फाल्गुनाकडे येतो.

अमीनभाई निवृत्त झाल्यानंतर त्यांनीच तयार केलेली सुरेखा ही मुलगी मशीनवर आहे. खरे तर, होती. ती माझ्याच गावची सून, यंत्राचे रीतसर शिक्षण घेतलेली. माल भरण्याच्या शुभारंभाला यंदा बाहेरगावचे मोठे पाहुणे आले होते. मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, मानाच्या गोण्या फुलांच्या माळा घालून पुन्हा वाटेत ठेवण्यासाठी दारापाशी मांडल्या होत्या. पाहुण्यांनी आत जाऊन पहिली गोणी ठेवायची होती. त्याच वेळी सुरेखाला आत, थंडी करणाऱ्या यंत्रात फिरणाऱ्या अमोनियाचा वास आला. ज्यांनी तो वायू एकदा हुंगला आहे त्यांना तो काय करू शकतो हे सांगायला नको. तिने हमालांना बाहेर काढले, पाहुण्यांच्या तोंडावर दार लावले आणि मागच्या बाजूने जाऊन व्हॉल्व्ह आवळला. कार्यक्रम खोळंबला. ट्रकची रांग महामार्गापर्यंत गेली. पाहुणे निघून गेले. संध्याकाळी कारागीर आला, त्याने तपासले आणि गळती आढळत नाही असे सांगितले. व्हॉल्व्ह आवळल्यावर गळती आढळणार कुठून? परंतु मंडळाने एवढे वाक्य उचलले. खोटी ओरड करून संस्थेची अब्रू घालवली, असा ठपका ठेवून सुरेखाला घरी बसवले आहे. चौकशी करू म्हणाले होते. लागवड तोंडावर आली, चौकशी अजून नाही.

मी अध्यक्षांना भेटलो. नियमाची आठवण दिली. ते आदराने बोलले. म्हणाले, “गुरुजी, नियम हायच वो. पण पाहुण्यांसमोर? जरा वेळ-काळ बघायचा.” मी विचारले की विषारी वायूला कोणी आमंत्रणपत्रिका दिली होती का, की त्याने वेळ-काळ पाहून यावे. त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि विषय बदलून अमीनभाईंच्या सत्काराची तयारी दाखवायला फलाटावर नेले. सत्कार दार उघडण्याच्या दिवशी तिथेच होणार आहे. त्यासाठी फलाटाला नवी चकचकीत फरशी बसवली आहे. मी वाकून बोट फिरवून पाहिले. त्या फरशीवर खडू उमटत नाही.

मला याचा संताप येतो आणि तो शब्दांनी सौम्य करण्याची माझी इच्छा नाही. संकट टळले की टाळणाऱ्याच्या हाती पुरावा राहत नाही, ही या कामातली सर्वांत क्रूर गोष्ट. बियाणे कुजते तेव्हा वास तरी येतो. जे कुजले नाही, जे गुदमरले नाहीत, त्यांचा वास येत नाही. त्या दुपारी बाहेर आलेले हमाल आज जेवत-खात आहेत, म्हणूनच सुरेखा खोटी ठरते. म्हणजे ती खरी ठरावी म्हणून कोणीतरी मरायला हवे होते, असेच मंडळाचे म्हणणे नव्हे काय? ज्यांनी दार लावणाऱ्या मुलीला हाकलले, त्यांनीच दार लावायला शिकवणाऱ्याच्या अंगावर शाल घालायची, याला सत्कार म्हणत नाहीत. देवाची मूर्ती मखरात बसवून तिच्याच नैवेद्याचे ताट पळवणे आणि हे, यांत मला फरक दिसत नाही.

सुरेखा माझ्याकडे आली होती. नोकरी परत मिळवून द्या असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “गुरुजी, मला वास आला व्हता. एवढं कुणीतरी खरं माना.” माझ्याकडे मंत्र होते, ग्रंथ होते, तिला द्यायला दुसरे काही नव्हते. मी जुन्नरला निरोप धाडला.

अमीनभाई दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. गुडघे आता साथ देत नाहीत, तरी थांब्यापासून चालत आले. ते आधी सुरेखाच्या घरी गेले, मी बरोबर होतो. त्यांनी तिला काही समजावले नाही, धीर दिला नाही. त्या दिवशी वास कुठून आला, हमाल कुठे उभे होते, दार लावायला तिला कोणी अडवले का, एवढे विचारले आणि प्रत्येक उत्तराला मान डोलावली. मग म्हणाले, “तुला चहा पाजला का कुणी?” ती नाही म्हणाली आणि रडू लागली. अमीनभाईंनी तिच्या सासूबाईंना चहा टाकायला सांगितला. कप आला तेव्हा तो स्वतःच्या हाताने तिच्यापुढे धरला. म्हणाले, “हा माझा झाला. संस्थेचा ऱ्हायलाय.”

तिथून ते थेट अध्यक्षांकडे गेले. त्यांचे बोलणे मी ऐकले आहे आणि त्यांच्या परवानगीने इथे लिहीत आहे. ते म्हणाले, “सत्काराला मी येतो. शाल घालून घेईन, हारही घालून घेईन. पण आधी त्या फलाटावर सुरेखाला चहा द्यायचा. तुमच्या हातनं, सगळ्यांसमोर. ती प्याली की मग माझं.” अध्यक्ष म्हणाले की मंडळापुढे विषय ठेवतो. अमीनभाई म्हणाले, “ठेवा. गोलात तुमचं नाव लिहायला मला फरशी लागत न्हाई.”

हा लेख छापायला जाईपर्यंत मंडळाचा निर्णय मला कळलेला नाही. ग्रंथ हाती पडेल तोवर वाचकांना तो कळला असेल. दार उघडण्याची पूजा नेहमीप्रमाणे माझ्याकडे आहे आणि ती दाराबाहेरच होईल. मागच्या थप्प्यांचे काय झाले आहे, हे मला ठाऊक नाही. वाट पुन्हा बंद आहे आणि मागे जाऊन पाहणारी मुलगी घरी आहे.

अमीनभाईंना परमेश्वराने उदंड आयुष्य द्यावे, त्यांचे गुडघे पुन्हा चालते करावेत, त्यांची दृष्टी अशीच तिखट राहू द्यावी, ही माझी मनापासूनची प्रार्थना आहे. त्यात थोडा स्वार्थ आहे. त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहण्याइतके शहाणपण आमच्या संस्थेत अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत ते आमच्यात हवेत. सत्काराच्या दिवशी शाल, श्रीफळ, मानपत्र यांची सोय मंडळाने केली आहेच. चहाची किटली आणि एक कपबशी मी घरून घेऊन येईन.